फीचा आकडा बघून कॉलेज खोडू नकोस

दीड लाख फी ऐकून बाबांचा चेहरा उतरला म्हणालीस. उतरणारच गं. पण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढलास का? ८ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास की विसर. आणि पुण्यात जाहिराती खासगी विद्यापीठांच्याच फार दिसतात, तिथे ही माफी लागू नाही.

कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरतो त्यात, टीएफडब्ल्यूएसचे (शिक्षण शुल्क माफीच्या वेगळ्या जागांचे) कोड वेगळे असतात. जागा जेमतेम ५ टक्के, कटऑफ चढा, म्हणून ते वर टाक आणि त्याच कॉलेजचे साधे कोड खाली.

आधार बँक खात्याला जोडलंय ना, आजच बघ. माझं नव्हतं. सरकारकडून येणारे फीचे पैसे अडकले, आणि कॉलेजच्या काउंटरवरच्या मॅडम "आधी पूर्ण भरा" यापुढे सरकेनात. खाकी पाकिटात पावत्या घेऊन कोथरूडहून तीन खेटे घातले, तेही जुलैच्या पावसात.

डेव्हलपमेंट फी, मेस, खोलीभाडं सुटत नाही, ते बाबांना आत्ताच सांग. वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्जही महाडीबीटीवरच असतो. दाखल्यांच्या झेरॉक्स पाच-पाच काढून ठेव.