पिन तुमचा होता, पण तिसरा व्यवहार तुमचा नाही

प्रश्न: मी 63 वर्षांची निवृत्त शिक्षिका, साताऱ्याला राहते. दिवाळीत सगळ्यांनी मिळून तारकर्लीला जायचं ठरलं, म्हणून फेसबुकवर बघून एक घरगुती निवास बुक केला. क्यूआर कोड स्कॅन करून 12,000 रुपये अ‍ॅडव्हान्स दिला. मागाहून मालवणच्या ओळखीच्यांकडून कळलं की फोटो खऱ्या घराचे आहेत, पान मात्र भलत्याच माणसाचं. पैसे परत मागितले तर त्याने 'रिफंडचा क्यूआर' पाठवला. मी पिन टाकला आणि आणखी 24,000 गेले. मग व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने पाठवलेला 'रिफंड फॉर्म' फोनमध्ये उघडला. संध्याकाळी 6:40 ला बँकेच्या हेल्पलाइनला सगळं सांगितलं. रात्री 9:10 ला नेटबँकिंगमधून 48,500 गेले. ओटीपी मी कुणालाही सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशी 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच केलेत. पोलीस म्हणतात, सिंधुदुर्गात जा. काल 'सायबरच्या वकिलाचा' फोन आला, 5,000 भरा, पैसे सोडवून देतो. भरू का? घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही.

उत्तर: बाई, भरू नका. एक रुपयाही नाही. अडकलेले पैसे सोडवायला पोलीस किंवा न्यायालय कुणाच्या यूपीआयवर फी मागत नाही. तुमचा नंबर आणि गेलेली रक्कम ज्याला तोंडपाठ आहे, तो बहुधा त्याच टोळीतला आहे. त्याचा नंबर मूळ तक्रारीला जोडा.

आजच करायचं दुसरं काम फोनचं. तो 'फॉर्म' नव्हता, एपीके फाइल होती, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. असं अ‍ॅप फोनवर आलेले मेसेज परस्पर वाचतं. तुम्ही न सांगता ओटीपी गेला, तो बहुधा असाच. फोन विमान मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून नेटबँकिंगचा पासवर्ड बदला. मात्र चॅट पुसू नका आणि फोन रिसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे हाच तुमचा पुरावा आहे. आधी पोलिसांना दाखवा, साफसफाई नंतर.

आता बँकेकडे वळू. त्यांनी तुमचे तिन्ही व्यवहार एकाच गोणीत भरलेत, आणि ते मला मान्य नाही. पहिले दोन तुम्ही फसून का होईना, पण स्वतःच्या हाताने केले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणारच. या 36,000 साठी बँकेकडून भरपाई मिळणं कठीण आहे, खोटी आशा दाखवत नाही. जानेवारी 2025 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुम्हालाही कुणी पाठवला असेल, ज्यात 94 हजारांच्या फसवणुकीची जबाबदारी बँकेवर कायम राहिली. पण त्या ग्राहकाने स्वतः पैसे पाठवले नव्हते, आणि कळवलं 24 तासांच्या आत.

तिसऱ्या व्यवहाराची गोष्ट निराळी. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 ला घालून दिलेला नियम असा: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं त्याच्या माथी, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच आहे. समजा फाइल उघडली हा तुमचा निष्काळजीपणा धरला, तरी 6:40 आणि 9:10 यांच्यामध्ये अडीच तास आहेत. तुम्ही पाठवलेला बँकेचा एसएमएस मी दोनदा वाचला. त्यात तक्रार क्रमांक आहे, वेळ आहे आणि 'यूपीआय सेवा बंद केली' असं वाक्य आहे. नेटबँकिंगचं नाव नाही. एक दार लावून दुसरं उघडं ठेवलं, ते बँकेने. या 48,500 साठी भांडायचंच.

शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्यात तिन्ही व्यवहार वेगळे दाखवा आणि 6:40 च्या कॉलचं रेकॉर्डिंग जपून ठेवण्याची मागणी स्पष्ट शब्दांत करा. तुमचा दावा त्या कॉलवर उभा आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. तिथेही नाही झालं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे.

पोलिसांनी 'सिंधुदुर्गात जा' म्हणणं मला फार लागलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते. त्यातून फसवणूक इलेक्ट्रॉनिक संदेशांतून झाली असेल, तर संदेश जिथे मिळाले तिथेही खटला चालतो, असं कलम 202 सांगतं. संदेश तुम्हाला साताऱ्यात मिळाले. अर्जात भारतीय न्याय संहितेची कलमं 318(4) (फसवणूक) आणि 319(2) (तोतयेगिरी करून फसवणूक), शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66डी लिहा. तरीही टाळलं, तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

1930 च्या पोचपावतीवरून पोलिसांना एवढंच विचारा: माझे पैसे ज्या खात्यांत गेले, त्यांत किती रक्कम गोठवली? पहिल्या दोन व्यवहारांतलं जे मिळायचं ते तिथूनच. न्यायालयाचा आदेश लागेल असं ते म्हणाले, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली अर्ज करावा लागेल. तेव्हा मला कागद पाठवा, मसुदा मी करून देईन.

आणि घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या. या प्रकरणात तुम्ही फिर्यादी आहात. शाखेत जाताना मुलाला सोबत न्या. अर्जाची पोच घेताना दोन माणसं असलेली बरी.