वाचकांचे प्रश्न : क्रिप्टो, फोन आणि कागदावरचे बारा शब्द

साठेक हजारांचे बिटकॉईन आणि इथर मी फोनमधल्या वॉलेटमध्ये ठेवले आहेत. भाऊ म्हणतो, फोन लोकलच्या गर्दीत फिरतो, कधीही मारला जाईल. त्यापेक्षा घरच्या लॅपटॉपवर ठेव. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, डोंबिवली

चोरीची भीती खरी, पण लॅपटॉपचा उपाय उलटा आहे. मुलांचे गेम, कुठून तरी उतरवलेलं क्रॅक सॉफ्टवेअर आणि झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेन ड्राइव्ह हे सगळं पाहिलेला विंडोज लॅपटॉप फोनपेक्षा कच्चा असतो. ब्राउझरमधलं वॉलेट तुमच्या प्रायव्हेट की, म्हणजे ज्यांनी व्यवहारावर डिजिटल सही होऊन पैसे हलतात ते गुप्त आकडे, एका कुलूपबंद फाइलमध्ये ठेवतं. तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम ती फाइल वाचू शकतो. चोरटं सॉफ्टवेअर ती उचलून नेतं आणि पासवर्ड सवडीने फोडत बसतं. पासवर्डमध्ये घरातल्या कुणाचं नाव आणि जन्मसाल असेल तर फार वेळ लागत नाही. फोनमध्ये प्रत्येक ॲपची खोली वेगळी असते आणि एकाला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. अर्थात फोन रूट किंवा जेलब्रेक, म्हणजे कंपनीची बंधनं तोडून मोकळा, केला नसेल तरच.

म्हणून फोन तिजोरी आहे असं मात्र नाही. आयफोनमध्ये सिक्युअर एन्क्लेव्ह नावाचा वेगळा सुरक्षित भाग असतो, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही तशी सोय असते. लोकांना वाटतं, क्रिप्टोची की तिथेच राहते. तसं नाही. हा भाग पी-२५६ नावाच्या गणिती वक्रावर सही करतो, तर बिटकॉईन आणि इथेरियमची (इथर ज्यावर चालतं ते नेटवर्क) सही सेकपी२५६के१ या दुसऱ्याच वक्रावर होते. त्यामुळे वॉलेट ॲप तुमची की कुलूपबंद करून ठेवतं, आणि पैसे पाठवताना कुलूप काढून ती क्षणभर फोनच्या साध्या मेमरीत आणतं. धोका त्या क्षणाचा आहे. शिवाय की बनते ती फोनने काढलेल्या यादृच्छिक आकड्यावरून. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या याच यंत्रणेत चूक सापडली होती आणि त्या काळातल्या काही बिटकॉईन वॉलेटमधून पैसे गेले होते.

आपल्याकडे फोन उघडा पाडण्याचा सगळ्यात सोपा रस्ता मात्र इतका शास्त्रीय नसतो. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' किंवा 'लग्नपत्रिका' नावाची एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल येते. ती इन्स्टॉल केली की ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागते. एकदा दिली की ते ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबतं. खोल्या वेगळ्या असण्याचा मग काही उपयोग उरत नाही. आजच सेटिंग्जमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत कोणकोण चालू आहे ते बघा, आणि अज्ञात ॲप इन्स्टॉल करण्याची परवानगी व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजरकडून काढून घ्या. सिक्युरिटी अपडेटची तारीख तिथेच जवळपास दिसते. ती वर्षापूर्वीची असेल आणि कंपनीने अपडेट बंद केले असतील, तर त्या फोनवर वॉलेट नको.

लोकलमधल्या चोरीबद्दल. चोर आधी खांद्यावरून पिन बघतो, मग फोन ओढतो. म्हणून वॉलेटचा पिन फोनच्या पिनपेक्षा वेगळा हवा. आयफोनवर 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' चालू करा. फोन गेलाच तर पहिलं काम दुसऱ्या फोनवर वॉलेटचे बारा किंवा चोवीस शब्द (वॉलेट बनवताना दाखवलेले, ज्यांतून सगळ्या की परत तयार होतात) टाकून वॉलेट उघडायचं आणि पैसे नव्या वॉलेटला हलवायचे. पोलीस चौकी त्यानंतर.

साठ हजार दोन ठिकाणी वाटा. लागतील तेवढे पाच-दहा हजार फोनवर, बाकीचे हार्डवेअर वॉलेटवर, म्हणजे की स्वतःच्या आतच ठेवणाऱ्या छोट्या वेगळ्या यंत्रावर. चांगल्या साध्या मॉडेलची मूळ किंमत २०२४ मध्ये ऐंशी डॉलरच्या आसपास होती, कस्टम ड्युटी वेगळी. एकूण रक्कमच दहा हजारांची असेल तर हा खर्च करू नका.

बारा शब्द विसरू नयेत म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. आता कळलं की तसं करायचं नसतं. फोटो डिलीट केला, ॲपचा पासवर्डही बदलला. पुरेसं आहे ना?
– नाव छापू नये, नांदेड

नाही. पासवर्ड फक्त त्या फोनवरच्या ॲपचं दार आहे. शब्द म्हणजे प्रत्यक्ष पैसे. ज्याच्याकडे ते शब्द आहेत त्याला तुमचा फोन लागत नाही, पासवर्डही लागत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने 'स्पार्ककॅट' नावाचं मालवेअर उघडकीला आणलं. ते गुगल प्ले आणि ॲपल, दोन्ही अधिकृत स्टोअरमधल्या ॲपमध्ये दडलेलं होतं. गॅलरीची परवानगी मिळाली की फोटोंतला मजकूर वाचायचा आणि त्यात असे शब्द सापडले की फोटो बाहेर पाठवायचा, एवढंच त्याचं काम. तुमचा फोटो डिलीट व्हायच्या आधी गुगल फोटोजवर चढला असणार, आणि बॅकअप झालेला फोटो तिथल्या कचरापेटीत ६० दिवस राहतो.

ते शब्द फुटले असंच धरून चाला. नवं वॉलेट नव्या शब्दांनी तयार करा, शब्द कागदावर उतरवा, मग जुन्यातून सगळं नव्यात हलवा. जुनेच शब्द दुसऱ्या ॲपमध्ये टाकणं म्हणजे नवं वॉलेट नव्हे. ही चूक फार लोक करतात. हलवण्याचा क्रमही सांभाळा. इथेरियमवरचे टोकन (त्याच नेटवर्कवर चालणारी इतर नाणी) आधी पाठवा, इथर सगळ्यात शेवटी. इथर आधी पाठवला तर टोकन हलवायला लागणारी फीच उरत नाही आणि ते जुन्या वॉलेटमध्ये अडकतात. ट्रॉन या दुसऱ्या नेटवर्कवरच्या यूएसडीटीसाठी (डॉलरला बांधलेलं नाणं) तीच गोष्ट तिथल्या टीआरएक्स नाण्याची. काही स्टेक केलेलं, म्हणजे कमाईसाठी नेटवर्ककडे अडकवलेलं असेल तर ते सुटायला वेळ लागतो. ती प्रक्रिया आजच सुरू करा. शेवटी गॅलरी, क्लाउडची कचरापेटी आणि कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवला असेल तर तो संदेश, सगळीकडून फोटो काढा.

हार्डवेअर वॉलेट ऑनलाइन मागवलं. खोक्यात चोवीस शब्द आधीच छापलेलं कार्ड होतं, 'हे शब्द जपून ठेवा' असं लिहिलेलं. सोयीचं वाटलं, पण शंका आली. वापरू का?
– एक वाचक, कोल्हापूर

एक रुपयाही टाकू नका. ते शब्द विकणाऱ्याकडे किंवा मधल्या कुणाकडे आहेत. तुम्ही रक्कम भरायची तो वाट बघतोय. खऱ्या कंपनीचं कार्ड कोरं असतं. शब्द यंत्र स्वतः बनवतं, स्वतःच्या छोट्या पडद्यावर एकेक करून दाखवतं, आणि ते फोनला किंवा लॅपटॉपला कधीच कळत नाहीत. सहीसुद्धा यंत्राच्या आत होते, बाहेर येते ती फक्त सही. पैसे द्यायचे ते एवढ्यासाठी.

कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा तिथे यादीत असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. खोक्याच्या सीलवर फार विसंबू नका, लेजर ही कंपनी तर सील लावतच नाही. त्यांचं ॲप यंत्र अस्सल आहे का ते जोडल्यावर तपासतं. ट्रेझर हे दुसऱ्या कंपनीचं यंत्र कोरं येतं, त्यातलं सॉफ्टवेअर पहिल्यांदा जोडल्यावर चढतं. आधीच चढलेलं दिसलं तर परत पाठवा.

नवं यंत्र आलं की रंगीत तालीम केल्याशिवाय मोठी रक्कम टाकायची नाही. शब्द क्रमांकासह, बॉलपेनने, स्पष्ट अक्षरात कागदावर लिहा. पिन ठेवा. पाचशे रुपयांचे कॉईन त्यावर पाठवा आणि वॉलेटचा पत्ता, म्हणजे कॉईन जिथे येतात तो लांबलचक अक्षर-आकड्यांचा संच, टिपून ठेवा. आता यंत्र मुद्दाम पुसून टाका. लेजरवर पिन तीनदा चुकवला की ते आपोआप पुसलं जातं. ट्रेझरवर पुन्हापुन्हा चुकवत बसण्यापेक्षा सेटिंग्जमधला पर्याय बरा. मग कागदावरचे शब्द यंत्रातच टाकून ते परत उभं करा. तोच पत्ता आणि तेच पाचशे दिसले तर कागद बरोबर आहे. दिसले नाहीत तर पाचशे रुपयांत सुटलात. कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा. कोकणातलं घर असेल तर स्टीलच्या पट्टीवर शब्द ठोकून घेतलेले बरे, तिथल्या दमट हवेत चार पावसाळ्यांनी कागद हातात तुटतो.

यंत्र असूनही पैसे जातात ते दोन कारणांनी. एक, पडद्याकडे न बघता बटण दाबणं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून (क्रिप्टो खरेदी-विक्रीची कंपनी) दीडशे कोटी डॉलरच्या घरात इथर गेले. सह्या करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होती. पण ज्या सॉफ्टवेअरमधून व्यवहार तयार व्हायचा तेच बिघडवलेलं होतं, समोर एक दिसत होतं आणि सही दुसऱ्यावर झाली. तुमच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की पत्ता आणि रक्कम फोनवर नव्हे, यंत्राच्या पडद्यावर वाचा. पत्ता पूर्ण वाचा. सुरुवातीची चार आणि शेवटची चार अक्षरं जुळणारे बनावट पत्ते मुद्दाम तयार करतात, त्या पत्त्यावरून तुमच्या वॉलेटला किरकोळ व्यवहार पाठवतात आणि तुम्ही तो जुन्या यादीतून कॉपी कराल याची वाट बघतात. मे २०२४ मध्ये असाच एकाने १,१५५ रॅप्ड बिटकॉईन (इथेरियमवर चालणारं बिटकॉईनचं रूप) भलत्याच पत्त्यावर पाठवले होते. त्यातले बहुतेक पुढे परत मिळाले, पण असं क्वचितच होतं.

दुसरं कारण पोस्टातून येतं. २०२० मध्ये लेजरच्या सुमारे २,७२,००० ग्राहकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर इंटरनेटवर फुटले. पुढे त्यातल्या काहींच्या घरी 'बदली यंत्र' म्हणून बनावट वॉलेट आले, सोबत शब्द टाकायच्या सूचना. कुठलीही कंपनी शब्द मागत नाही, कितीही कारणं दिली तरी.

मी फोनवर एक्स्चेंजचं ॲप वापरते. फोन हॅक झाला तर कॉईन जातील का?
– एक वाचक, पर्वरी

तुमचे कॉईन फोनमध्ये नाहीतच, ते एक्स्चेंजकडे आहेत. फोनमध्ये आहे ते फक्त लॉगिन. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले तेव्हा ग्राहकांचे फोन अगदी ठीक होते, तरी पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले. आपल्या हातात लॉगिन जपणं आहे, तेवढं करा. ओटीपी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर (फोनमध्येच कोड बनवणारं ॲप) घ्या, पैसे बाहेर पाठवायच्या पत्त्यांची ठरावीक यादी सेट करा. फोनचं नेटवर्क कारण नसताना गेलं आणि तासभर आलं नाही तर तुमच्या नंबरचं दुसरं सिम कुणीतरी काढल्याची शंका घ्या. घरातल्या दुसऱ्या फोनवरून सिम कंपनीला कळवा, पैसे गेलेले दिसले तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार.

हार्डवेअर वॉलेटवर खर्च करण्यापेक्षा जुना अँड्रॉइड फोन सिम काढून वापरला तर?
– एक वाचक, सातारा

चालतं, पण चिकाटी लागते. फोन फॅक्टरी रीसेट करा, वाय-फायवर मिळतील तेवढे अपडेट घ्या, एअरगॅप व्हॉल्टसारखं क्यूआरवर चालणारं ॲप टाका. मग एअरप्लेन मोड, वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद, आणि शब्द त्यानंतरच तयार करा. आधी शब्द आणि मग नेट बंद, असा क्रम झाला तर सगळा खटाटोप वाया. रोजच्या फोनवर व्यवहार तयार होतो, जुना फोन त्याचा क्यूआर वाचून सही करतो, सहीचा क्यूआर रोजचा फोन वाचतो. जुना फोन चार्जरला लावून ठेवू नका, बॅटरी फुगते. अर्धी चार्ज करून बंद ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा बघा. लांबून चोरी करणाऱ्याला ही व्यवस्था अवघड जाते. पण फोन कुणाच्या हाती लागला तर जुन्या चिपमधल्या चुका त्याला मदत करतात, त्यामुळे तो कपाटात कुलपात हवा. आणि हाच फोन एखाद्या रविवारी मुलाला यूट्यूब बघायला दिला की तो परत साधा फोन झाला.

पावसात फोन गेला. कागदही भिजला, बारापैकी सातवा शब्द वाचता येत नाही. नेटवर एक जण अकरा शब्द पाठवा, काढून देतो म्हणतोय.
– एक वाचक, चिपळूण

त्याला काहीही पाठवू नका. अकरा शब्द दिले म्हणजे सगळेच दिले, कारण बारावा काढणं फार सोपं आहे. हे शब्द २,०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. शिवाय बारा शब्दांत चार बिटांची तपासणी दडलेली असते, त्यामुळे मनाने घातलेल्या दर सोळा शब्दांतला साधारण एकच जुळतो. म्हणजे तुमच्या सातव्या जागेसाठी सव्वाशेच्या आसपास शब्द उरतात. त्याचं पहिलं अक्षर ओळखता आलं तर ते बहुधा पंधराच्या आत येतील. यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी आहेत, तेव्हा तेवढी वाचता आली तर तपासण्यासारखं काही उरतच नाही. कागद सावलीत वाळवा आणि मागून टॉर्च धरून तिरका बघा, बॉलपेनचा दाब बऱ्याचदा उमटलेला असतो.

नाहीच दिसला तर बीटीसीरिकव्हर नावाचं मोफत प्रोग्रॅम आहे. ते लॅपटॉपवर उतरवा, नेट तोडा, अकरा शब्द आणि तुमचा जुना पत्ता त्याला द्या. एवढे पर्याय ते बघता बघता तपासतं. पत्ता एक्स्चेंजच्या जुन्या विड्रॉवलमध्ये सापडेल. काम झालं की नवं वॉलेट, नवे शब्द, पैसे तिकडे.

एक सूचना आधीच. बाराही शब्द बरोबर असून वॉलेटमध्ये शून्य दिसलं तर घाबरू नका. एकाच शब्दसंचातून वेगवेगळ्या मार्गांनी (डेरिव्हेशन पाथ) वेगवेगळे पत्ते निघतात आणि प्रत्येक ॲपचा मार्ग ठरलेला असतो. तुमचा जुना बिटकॉईन पत्ता १ ने सुरू होत असेल तर मार्ग ४४, ३ ने असेल तर बहुधा ४९, बीसी१क्यू ने असेल तर ८४, बीसी१पी ने असेल तर ८६. ॲपच्या सेटिंग्जमध्ये तो मार्ग निवडून परत बघा.