थकलेली पोटगी आणि सज्ञान झालेली मुलं : वाचकांचे प्रश्न

या वेळची तिन्ही पत्रं एकाच विषयावर आहेत. नावं, गावं गाळली आहेत. तालुका तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : आईच्या अर्जावर 2017 मध्ये हुकूम झाला : आईला दरमहा 3,000 आणि मला 3,500 रुपये. वडिलांनी मार्च 2019 पर्यंत दिले, मग बंद केले. आई पुन्हा कोर्टात गेली नाही. जून 2024 अखेर मला अठरा वर्षं पूर्ण झाली. मी बी.एस्सी. करतेय, वडील पुण्यात खासगी कंपनीत आहेत. ‘तू सज्ञान झालीस, हिशेब मिटला’ असं ते म्हणतात. खरंच मिटला का? (कराड तालुका)

उत्तर : नाही. त्या हुकमाखालची तुमची पुढची पोटगी थांबली आहे, मागची थकबाकी फिटलेली नाही. वडील या दोन गोष्टी सोयीनं एकत्र करताहेत.

हुकूम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालचा दिसतो. 1 जुलै 2024 पासून तेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालं. जुना हुकूम त्यामुळे रद्द होत नाही. त्याच्या वसुलीचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींच्या मुदती निराळ्या.

पहिला मार्ग वॉरंटचा. रक्कम दंडासारखी वसूल होते, आणि तरीही राहिली तर थकलेल्या दर महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद. पण रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा. तुमचा शेवटचा हप्ता जून 2024 चा, म्हणजे तुमच्यापुरता हा मार्ग बंद झाला. आईपुरता तो उघडा आहे, कारण त्यांची पोटगी अजून चालू आहे. त्यांनी आज अर्ज केला तर मागच्या बारा महिन्यांचे 36,000 रुपये या मार्गानं मागता येतील. तो अर्ज प्रलंबित असताना जे हप्ते थकतील तेही त्याच अर्जात मागता येतात. दरवर्षी अर्ज न करणं ही या प्रकरणांतली सगळ्यात महागात पडणारी चूक. आणि ‘आत जाऊन आलो, आता काही देणं नाही’ हे ऐकून घेऊ नका. कैद ही वसुलीसाठीची सक्ती आहे, तिनं रक्कम फिटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1988 मध्येच कुलदीप कौर खटल्यात सांगितलं आहे.

दुसरा मार्ग दिवाणी. एका वर्षाची अट फक्त वॉरंटच्या मार्गाला आहे, थकबाकीवरचा हक्क त्यानं जात नाही, हे पूंगोडी विरुद्ध थंगवेल (2013) या निकालात स्पष्ट आहे. दिवाणी दाव्यात थकलेल्या पोटगीला तीन वर्षांची मुदत असते. जानेवारी 2026 मध्ये दावा घातला असं धरलं, तर जानेवारी 2023 ते जून 2024 हे 18 हप्ते सरळ मुदतीत बसतात, म्हणजे 63,000 रुपये. पण हप्ते थकले तेव्हा तुम्ही अज्ञान होता. मुदत कायद्याची कलमं 6 आणि 8 अशा व्यक्तीला सज्ञान झाल्यावर तीन वर्षांपर्यंत सवड देतात. ती धरली तर एप्रिल 2019 पासूनचे 63 हप्ते, म्हणजे 2,20,500 रुपये मागता येतात, आणि तुमची शेवटची तारीख जून 2027 अखेर येते. ‘आई होती ना, तिनं का नाही मागितले?’ असा वाद समोरचे वकील घालतील. म्हणून हुकमाची प्रमाणित नक्कल काढून आधी एकच गोष्ट बघा : तुम्ही स्वतः ‘अर्जदार क्र. 2, अज्ञान, पालक आई’ अशा नोंदलेल्या आहात का? असाल तर पाया भक्कम. नसाल, तर आईला सोबत वादी करा.

आता पुढचं. 125 खाली सज्ञान मुलीला पोटगी नाही, पण हिंदू दत्तक व पोटगी कायदा, 1956 चं कलम 20(3) अविवाहित मुलीला वयाची अट घालत नाही. स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर निर्वाह होत नाही, एवढं दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं अभिलाषा विरुद्ध प्रकाश (सप्टेंबर 2020) मध्ये हाच फरक सांगितला. या कायद्यातल्या पोटगीत शिक्षण येतं, आणि अविवाहित मुलीच्या लग्नाचा वाजवी खर्चही येतो. 2017 चे 3,500 इथे आड येत नाहीत. रक्कम आजच्या पगारावर ठरते. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता; कलम 144 सगळ्यांना लागू.

कागद असे जमवा : नक्कल, जन्मदाखला, बोनाफाइड, फी आणि मेसच्या पावत्या, आईचं 2017 पासूनचं बँक विवरण, आणि महिनावार तक्ता (देय, मिळाले, बाकी). वडिलांनी मध्येच दिलेले पाच-दहा हजार लपवू नका; एक नोंद खोटी ठरली की अख्ख्या तक्त्यावर संशय येतो. उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र दोन्ही बाजूंना द्यावं लागतं (रजनेश विरुद्ध नेहा, नोव्हेंबर 2020), तुम्हालाही.

वॉरंट बहुतेक वेळा पत्त्यावर अडतं. ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा येतो आणि पुढची तारीख पडते. कंपनीचं नाव, शाखा, कर्मचारी क्रमांक मिळवा. हुकूमनामा झाल्यावर दरखास्तीत (म्हणजे त्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात) पगार जप्त करता येतो. पोटगीच्या वसुलीत पगाराचा एक तृतीयांश भागच सुरक्षित राहतो; इतर कर्जांपेक्षा ही तरतूद बरीच कडक आहे.

फीची धास्ती नको. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. तालुका समिती कोर्टाच्या आवारातच असते, हेल्पलाइन 15100. महाराष्ट्रात महिलांना पोटगीच्या दाव्यात कोर्ट फीही माफ आहे. आणि वरच्या कोर्टात जायची वेळ आलीच, तर सातारा-सांगलीची प्रकरणं ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, मुंबई गाठावी लागत नाही.

प्रश्न : माझं वय 22, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंग करतोय. आई-वडिलांचा 2012 मध्ये सहमतीनं घटस्फोट झाला. ‘पत्नी स्वतःसाठी व मुलासाठी काही मागणार नाही’ अशी अट त्यात आहे. वडिलांनी दुसरं लग्न केलं. त्यांची अडीच एकर बागायत आहे, ऊस कारखान्याला जातो. मला शिक्षणाचा खर्च मिळेल का? (तासगाव तालुका)

उत्तर : पोटगी म्हणून, जवळजवळ नाही. धडधाकट मुलाचा हक्क अठराव्या वर्षी संपतो. आईनं लिहून दिलेल्या अटीनं तुमचा लहानपणीचा हक्क बुडाला नव्हता, पण तेव्हा कुणी अर्ज केला नाही, हुकूम नाही आणि तुमची एकविशीही उलटली. त्या वर्षांमागे वकिलाची फी घालवू नका. सहमतीच्या अटींत ‘शिक्षण पूर्ण होईपर्यंत’ असं एखादं वाक्य आहे का, एवढं मात्र बघा. असेल तर ते वापरता येतं.

तुमचा खरा प्रश्न जमिनीचा आहे. आई-वडिलांच्या घटस्फोटानं किंवा वडिलांच्या दुसऱ्या लग्नानं मुलाचा वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा जात नाही. पण ‘आजोबांची जमीन’ म्हणजे वडिलोपार्जितच, हा समज चुकीचा. आजोबांनी स्वतः विकत घेतलेली जमीन त्यांच्या मृत्यूनंतर 1956 च्या वारसा कायद्यानं वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मालमत्ता ठरते आणि वडील हयात असेपर्यंत तुम्हाला तिथे वाटा मागता येत नाही. पणजोबांपासून एकत्र कुटुंबाकडे चालत आलेली असेल, तर जन्मापासून हिस्सा आहे. याचा निकाल आजच्या सातबाऱ्यावर लागत नाही. सातबाऱ्यावरचे जुने फेरफार क्रमांक घ्या आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या नोंदींच्या नकला मागत मागे जा. खरेदीनं आली, वारसानं आली की वाटपानं, ते फेरफारातच लिहिलेलं असतं.

वडिलोपार्जित निघाली तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा. सोबत विक्रीला मनाई हुकूम मागा आणि दुय्यम निबंधकाकडे दावा प्रलंबित असल्याची नोटीस नोंदवा, नाहीतर दावा चालू असताना जमीन तिसऱ्याच्या नावावर जाते आणि भांडण वाढतं. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा बोजा किती आहे तेही पाहा, नाहीतर हिश्शासोबत कर्जही वाट्याला येईल. वडिलांनी आधीच एखादा तुकडा विकला असेल, तर ती विक्री रद्द मागायला खरेदीदाराच्या ताब्यापासून बारा वर्षं असतात. कुटुंबाच्या गरजेसाठी विकली असं सिद्ध झालं तर मात्र ती टिकते.

प्रश्न : माझा भाऊ 26 वर्षांचा, बौद्धिक अपंगत्व असलेला. वडील निवृत्त सरकारी कर्मचारी, वेगळे राहतात. ‘तो आता मोठा झाला, आणि पेन्शनला कुणी हात लावू शकत नाही’ असं म्हणतात. (मिरज)

उत्तर : शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलाला कलम 144 मध्ये वयाची मर्यादाच नाही. अर्ज करा. दिवाणी संहितेत सरकारी पेन्शनला जप्तीपासून संरक्षण आहे हे खरं, पण पोटगी ठरवताना ती उत्पन्न म्हणून धरलीच जाते; शिवाय मुदत ठेवी आहेत, घरभाडं आहे.

अर्जाआधी दोन कागद लागतील. पहिला, यूडीआयडी (अपंगांच्या ओळखपत्राच्या) पोर्टलवरून अपंगत्वाचं प्रमाणपत्र. दुसरा, पालकत्व : अठरानंतर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. सांगलीला तिच्याकडे आईचा किंवा तुमचा अर्ज द्या.

आणि पोटगीपेक्षा मोठी गोष्ट : अशा मुलाला वडिलांच्या पश्चात हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव आणि अपंगत्वाची नोंद वडिलांच्या पेन्शनच्या कागदांत त्यांच्या हयातीतच करून घ्या. वडील सही करत नसतील तर प्रमाणपत्र जोडून कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. नंतर कार्यालय विचारतं, ‘अपंगत्व आधीपासून होतं याला पुरावा काय?’ तेव्हा ही पोच उपयोगी पडते.