नव्या संकुलाची बाग: वर्गणी ठरवण्याआधी माती तपासा

प्रश्न: बिल्डरने बाग ताब्यात दिली आणि वर्षभरात हिरवळ पिवळी पडली, पाणीही साचतं. माळी बदलावा का? वर्गणी किती ठेवावी?

उत्तर: माळ्याचा दोष बहुधा नसतो. बांधकामाच्या यंत्रांनी माती दगडासारखी दबते आणि तिच्यावर चांगल्या मातीचा पातळ थर टाकून हिरवळ अंथरली जाते. 30 सेंमी खोल खड्डा खणून पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. या दुसऱ्या वेळी पाणी तासाला 2 सेंमीही उतरत नसेल, तर निचरा नाही. अशा जागी खत टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. माती 20-30 सेंमी मोकळी करून 5 सेंमी कंपोस्ट मिसळा. मात्र झाडांच्या मुळांजवळ खणू नका.

वर्गणीचे दोन भाग करा. पाणी, छाटणी, मजुरी हा चालू खर्च. झोपाळे, पंप, दिवे यांसाठी वेगळा बदली निधी, म्हणजे ते जुने झाल्यावर नवे घेण्यासाठी साठवायचे पैसे: आजची किंमत भागिले उरलेलं आयुष्य, ही वर्षाची रक्कम. पंप 8 वर्षं टिकणार असेल तर दरवर्षी किमतीचा आठवा हिस्सा; भाववाढीसाठी आकडा दरवर्षी तपासा. हा निधी चालू खर्चात मिसळला की हमखास संपतो.

आणि हो, जमिनीखालच्या पाइपांचा नकाशा बिल्डरकडून आत्ताच मागून घ्या.