चमकणाऱ्या फॉस्फरची पहिली पावडर: आधी युरोपियम सांभाळा

अंधारात चमकणारा फॉस्फर (उजेड साठवून नंतर सोडणारा पदार्थ) पहिल्यांदाच बनवताना स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटपासून सुरुवात करताय, हे उत्तम. 1996 साली युरोपियम आणि डिस्प्रोशियम घातलेल्या याच पदार्थाने जुन्या झिंक सल्फाइड फॉस्फरला चमकीत मागे टाकलं.

दोन्ही डोपंटांची (म्हणजे थोड्या प्रमाणात मिसळलेल्या या मूलद्रव्यांची) कामं वेगळी आहेत, हे आधी पक्कं करा. 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा उजेड देतो तो दोन धनभाराचा युरोपियम. डिस्प्रोशियममुळे ऊर्जा अडकवून ठेवणारे सापळे वाढतात. खोलीच्या तापमानाला ती हळूहळू सुटते, म्हणून दिवा बंद केल्यावरही चमक तासन्‌तास टिकते.

नवखे बहुतेक इथेच चुकतात:

- साध्या हवेत भाजणं. मग युरोपियम बराचसा तीन धनभाराचाच राहतो. यूव्ही टॉर्चखाली पावडर लालसर दिसली, तर क्षपण (तीन धनभाराचा युरोपियम दोन धनभाराचा होणं) नीट झालेलं नाही. नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन असलेलं तयार मिश्रण वापरा, तेही प्रयोगशाळेतल्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच.
- चमक वाढावी म्हणून युरोपियम वाढवत नेणं. 1 मोल टक्क्याच्या आसपास सुरू करा. आयन फार जवळ आले की ऊर्जा आपसातच फिरते आणि वाया जाते.
- पावडर पाण्याने धुणं. ती पाण्यात बिघडते.

थर्मोल्युमिनेसन्स (तापवल्यावर साठलेली ऊर्जा उजेड म्हणून बाहेर पडणं), सापळ्यांची खोली वगैरे सध्या बाजूला ठेवा. नमुने मात्र त्याच दिव्याखाली, तेवढाच वेळ ठेवून मगच ताडून बघा.