गाण्यातला दडलेला अर्थ खरा, की आपणच चिकटवलेला? कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की गाण्यांचे ‘खरे अर्थ’ सांगणारं काहीही वाचलं की ते पटतंच, मग विश्वास कशावर ठेवायचा? मी सगळ्यात आधी साल बघते. गाणं कधीचं आहे आणि तो अर्थ कधीपासून सांगितला जातोय, हे दोन्ही कळल्याशिवाय मी कुठलाही अर्थ मान्य करत नाही, मग तो कितीही चपखल बसो.

‘रिंगा रिंगा रोझेस’ घ्या. हे १६६५ च्या लंडनमधल्या प्लेगचं गाणं, गुलाबाचं कडं म्हणजे अंगावरचे लाल चट्टे, शेवटी शिंका येऊन सगळे पडतात म्हणजे मरतात, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. पण छापील रूपात हे गाणं भेटतं ते एकोणिसाव्या शतकात. इंग्रज चित्रकार केट ग्रीनअवे यांच्या १८८१ च्या बालगीतांच्या पुस्तकात ते आहे. प्लेगची गोष्ट त्याला जोडली गेली ती आणखी पुढे, विसाव्या शतकात. शिवाय प्रत्येक ठिकाणी शब्द वेगळे. आपल्याकडची मुलं ‘हुशा बुशा’ म्हणून खाली बसतात, त्यात शिंक कुठेच नाही. ज्या शब्दावर सगळा अर्थ तोलून धरलाय तोच शब्द अर्ध्या पाठांत नसेल, तर तो अर्थ सोडून द्यावा.

दुसरं म्हणजे, लपवायची गरज कोणाला होती आणि कोणापासून? याचं उत्तर मिळालं की दडलेला अर्थ एकदम ठोस होतो. १९४३ च्या ‘किस्मत’मधलं कवी प्रदीप यांचं ‘दूर हटो ऐ दुनियावालो’ हे माझ्या मते याचं सगळ्यात सुंदर उदाहरण. ‘छोडो भारत’ला जेमतेम काही महिने झालेले, नेते तुरुंगात, आणि प्रत्येक चित्रपट सरकारी सेन्सॉरच्या नजरेखालून जाणार. अशा वेळी पडद्यावर उघड ‘हिंदुस्थान आमचा आहे, दूर व्हा’ म्हणायचं कसं? गाण्यात एक ओळ येते, जर्मन असो वा जपानी, कोणापुढे झुकू नका. ब्रिटन तेव्हा याच दोघांशी लढत होतं, म्हणजे कागदावर हे गाणं सरकारच्याच बाजूचं. थिएटरात बसलेल्यांना मात्र ‘दूर हटो’ कोणाला म्हटलंय हे सांगावं लागलं नाही. इथे साल जुळतं, कारण जुळतं आणि आडपडदा नेमका कोणत्या ओळीने धरलाय तेही बोट ठेवून दाखवता येतं. ही अशी ओळ सापडली की माझी खात्री पटते.

आता ऐतिहासिक संदर्भांबद्दल. ते बहुतेक वेळा दडवलेले नसतातच. लिहिणाऱ्याच्या काळात ते सगळ्यांना ठाऊक असतात, आपल्यापर्यंत येईतो त्यांची ओळख पुसट होते. १९०९ मध्ये सावरकरांनी ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिलेल्या ‘सागरा प्राण तळमळला’चं शेवटचं कडवं सावकाश वाचा. समुद्रावर जी आज स्वामित्व मिरवते त्या आंग्लभूमीला भिऊन तू माझ्या आईला फसवतोस का, असं कवी समुद्राला विचारतो. हे नुसतं अलंकारिक बोलणं नाही. त्या काळी ब्रिटिश आरमार जगात सगळ्यात बलाढ्य होतं, आणि समुद्र आमचा, हा इंग्रजांचा अभिमान जगजाहीर होता. कवी त्याच अभिमानाचा दाखला समुद्राच्या तोंडावर फेकतोय. लगेच पुढे, माझी आई अबला नाही, ती हे अगस्तींना सांगेल, ज्यांनी तुला एका आचमनात पिऊन टाकलं, अशी धमकी! एक संदर्भ त्या दिवसाच्या राजकारणातला, दुसरा पुराणातला, आणि दोन्ही कळले तरच त्या विनवणीतला संताप ऐकू येतो.

इथेच मोहही होतो. पुराणातले अगस्ती समुद्र प्यायले, कारण त्यात कालकेय दैत्य दडून बसले होते. मग कालकेय म्हणजे इंग्रज, असं म्हणावंसं वाटतं. पण कडव्यात कालकेयांचं नावही नाही, म्हणून मी तिथे थांबते. ‘असंही वाचता येईल’ एवढंच म्हणेन, ‘कवीला हेच म्हणायचंय’ असं नाही.

आणि कवीलाच विचारलं तर? त्याच्या शब्दाला वजन असतं, पण त्यानेही नेहमी निकाल लागत नाही. बीटल्स या इंग्लिश बँडच्या १९६७ च्या ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’ची आद्याक्षरं एलएसडी होतात, आणि एलएसडी हा एक अमली पदार्थ. बँडमधले जॉन लेनन शेवटपर्यंत म्हणत राहिले की शीर्षक त्यांच्या मुलाने काढलेल्या चित्रावरून आलं. त्यांचे बँडमधले साथीदार पॉल मॅकार्टनी मात्र २००४ मध्ये म्हणाले की त्या गाण्यातला अमली पदार्थांचा संदर्भ उघडच आहे. शीर्षक चित्रावरून आणि आतली स्वप्नवत दृश्यं त्या काळच्या नशेच्या वाऱ्यातून, असं दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि मला तेच पटतं.

तुमच्या मनात एखादं गाणं असेल तर ऐकून उतरवलेल्या शब्दांवर भिस्त ठेवू नका. शक्य असेल तर मूळ छापील पाठ मिळवा. चित्रपटात किंवा रेकॉर्डवर कडवी गाळलेली असतात, आणि अनेकदा संदर्भ नेमका गाळलेल्या कडव्यातच असतो. कोणतं गाणं आहे ते सांगितलंत तर मीही शोधून बघेन.