रोज जमत नसेल, तर आठवडा धरा

मुंबईत समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती स्त्री-पुरुषांकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत वारंवार ऐकू येतो. रोज बायबल वाचणे होत नाही, प्रार्थनेला बसले की डोळा लागतो, रविवारची उपासनाही अनेकदा चुकते. तर माझा विश्वास थंड पडला आहे का, आणि देव माझ्यावर नाराज असेल का? या प्रश्नाचे उत्तर मी एका भगिनीच्या अनुभवातून देणार आहे. त्यांच्या संमतीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, तो येथे मांडत आहे.

चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या या भगिनी परिचारिका आहेत. राहायला कल्याणला आणि नोकरी दक्षिण मुंबईतील एका रुग्णालयात. सकाळ, दुपार, रात्र अशा फिरत्या पाळ्या असल्यामुळे ड्युटीचा तक्ता लागेपर्यंत पुढच्या आठवड्यात सुट्टी कोणत्या वारी येणार हे त्यांना ठाऊक नसे. घरी यजमान, दहावीतली मुलगी आणि मधुमेह असलेल्या सासूबाई. जागा म्हणाल तर एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यांचे माहेर नगर जिल्ह्यातले. वडील शिक्षक होते आणि तिन्हीसांजेला सगळ्यांनी एकत्र बसून एक गीत, एक अध्याय आणि प्रार्थना झाल्याशिवाय त्या घरात ताटे वाढली जात नसत. “आमच्या पप्पांनी एक दिवस चुकवला नाही, सर, आणि मला सलग चार दिवस जमत नाही,” असे त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या. एका वर्षात संपूर्ण बायबल वाचण्याची योजना त्यांनी जानेवारीत मोबाइलवर सुरू केली होती. लेवीय या पुस्तकापाशी ती अडली, अॅप मागे पडलेल्या अध्यायांची आठवण रोज करून देऊ लागले आणि शेवटी त्यांनी ते अॅपच काढून टाकले.

अशा वेळी मी प्रार्थनेविषयी लगेच बोलत नाही. आधी झोप, भूक, मासिक पाळीच्या तक्रारी, चिडचिड, कशातच रस न वाटणे यांविषयी विचारतो, कारण ज्याला माणूस आत्मिक कोरडेपणा म्हणतो ते पुष्कळदा नैराश्य असते किंवा निव्वळ थकवा असतो. उदासपणा आणि निरुत्साह दोन आठवड्यांहून अधिक टिकून राहिला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे हे विश्वासाच्या कमतरतेचे लक्षण नव्हे, एवढे स्पष्ट सांगून मी तसा सल्ला देतो. या भगिनींना नैराश्य नव्हते. रात्रपाळीनंतर मात्र त्या जेमतेम चार तास झोपत होत्या. त्यांना मी पहिल्या राजांच्या पुस्तकातील १९वा अध्याय पुन्हा वाचायला सांगितला. जीव नकोसा होऊन झुडपाखाली आडवा झालेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो, आणि देवाशी संभाषण त्यानंतर पुष्कळ दिवसांनी होरेब डोंगरावर होते. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी झोप पूर्ण करणे ही आमच्या योजनेतील पहिली गोष्ट ठरली.

मग मी त्यांच्यापुढे मांडले ते एवढेच की, वडिलांची संध्याकाळ ठरलेली होती, तशी त्यांची एकही वेळ ठरलेली नाही. म्हणून निष्ठेचे माप दिवसाने न घेता आठवड्याने घ्यावे. पळवाट म्हणून मी हे सुचवले नव्हते. शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशी विसावा घेण्याची, आज्ञा सात दिवसांच्या हिशेबाने आहे. प्रेषितांच्या कृत्यांत (२०:७) त्रोवस येथील विश्वासणारे आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमतात, आणि दानासाठी त्याच दिवशी काही बाजूला काढून ठेवायला प्रेषित पौल करिंथकरांना सांगतो (१ करिंथ १६:२). वाराची ही शिस्त मुंबईकरांना शिकवावी लागत नाही. मंगळवारी प्रभादेवीला आणि बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमधील नोव्हेना प्रार्थनेला जी गर्दी लोटते तिच्यात धावपळीच्या नोकऱ्या करणारेच बहुसंख्य असतात.

पहिली साधना लोकलमधली. कल्याणहून सीएसएमटीचा प्रवास तासाहून अधिक, त्यात लेडीज डब्यात बसायला मिळाले तर मिळाले; उभ्याने लांब अध्याय वाचणे शक्य नाही. म्हणून आम्ही स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे घेतली. यरुशलेमेच्या वाटेवर यात्रेकरू ती म्हणत असत असे मानले जाते. १३२वे सोडले तर सगळी आखूड आहेत, आणि वाटेवरच्या माणसाला पेलतील अशी आहेत. आठवड्याला एकच स्तोत्र, जाता-येता तेच, तोंडपाठ होईपर्यंत. एखादा दिवस गेला तरी स्तोत्र तेच राहते, त्यामुळे मागे पडण्याचा प्रश्न उरत नाही. रात्री जागणाऱ्या माणसाला या स्तोत्रांत किती जागा आहे हे त्यांच्याच लक्षात आले. १२१व्या स्तोत्रातला रक्षणकर्ता डुलकी घेत नाही, १३०व्यात पहारेकरी पहाटेची वाट पाहतात, १३४वे तर रात्री परमेश्वराच्या घरात उभे राहून सेवा करणाऱ्यांनाच उद्देशून आहे. पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबण्याचा फोलपणा सांगणारे १२७वे स्तोत्र मात्र त्यांनी दोन आठवडे ठेवून घेतले. ते सोडवत नव्हते, असे त्या म्हणाल्या.

दुसरी साधना अवघड गेली आणि मला सर्वांत मोलाची वाटते तीही तीच. आठवड्यातून एकदा, सुट्टी ज्या वारी येईल त्या वारी, सलग अर्धा दिवस कामाविना. त्यांच्या सुट्टीचा दिवस म्हणजे तुंबलेले कपडे, किराणा, सासूबाईंची तपासणी आणि मुलीचा अभ्यास. त्या विसावल्या की काम मुलीच्या गळ्यात पडणार, हे उघड होते. म्हणून एका भेटीला मी यजमानांनाही बोलावले आणि निर्गम २०:१० मोठ्याने वाचायला लावले. तेथे विसाव्याची आज्ञा एकट्या घरधन्याला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आतला उपराही तिच्यात येतात. एकाचा विसावा दुसऱ्याच्या पाठीवर लादता येत नाही, मग कामच आधी कमी करावे लागते. “म्हणजे आदल्या दिवशी मीच राबायचं?” असे यजमानांनी हसत विचारले, तेव्हा मान्ना, म्हणजे अरण्यात देवाने इस्राएलांना दिलेले अन्न, गोळा करण्याच्या कथेत सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करावा लागतो याची आठवण त्यांना घरी सासूबाईंनीच करून दिली. त्यांच्या लहानपणी शनिवारी रात्रीच रविवारचा स्वयंपाक उरकत असे. आता सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी यजमान भाजी चिरून, कणीक मळून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पोळीभाजी किंवा खिचडी एवढाच बेत असतो. त्या अर्ध्या दिवसात प्रार्थना केलीच पाहिजे असा नियम मी मुद्दाम घातला नाही.

दान आणि उपास यांविषयी थोडक्यात. पौलाच्या सूचनेप्रमाणे आठवड्याला ठरावीक रक्कम एका डब्यात टाकणे त्यांना सहज जमले, कारण पगाराच्या दिवशी एकदम दशमांश काढताना होणारी ओढाताण त्यामुळे थांबली. उपासाची परंपराही जुनी आहे. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीतील ‘दिदाखे’ या शिकवणग्रंथात बुधवार आणि शुक्रवार सांगितले आहेत. पण उभ्याने आठ तास काम असलेल्या दिवशी उपास करू नये, आणि सासूबाईंनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये, असे मी सांगितले. त्याऐवजी शुक्रवारी बाहेरचे खाणे टाळून ते पैसे डब्यात टाकावेत असे ठरले. ते फारसे टिकले नाही.

आठवड्याच्या शेवटी पंधरा मिनिटांचे आत्मपरीक्षण सुचवले तेव्हा त्यांनी शंका काढली, “ही तर कॅथलिक लोकांची पद्धत ना? आम्ही मराठी मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट.” कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी १६व्या शतकात ती रोजच्यासाठी घालून दिली हे खरे; पण “हे देवा, माझे अंतःकरण तपास” ही १३९व्या स्तोत्राच्या शेवटची विनंती दोन्ही पंथांच्या बायबलात आहे. आठवड्यात कृतज्ञता कशाबद्दल वाटली, कोणाशी वाईट वागलो, कोणाची क्षमा मागायची राहिली, एवढेच तीन प्रश्न. जागेचा प्रश्न मात्र होता. येशूने खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितले (मत्तय ६:६), आणि यांच्या घरात खोली एकच, तिच्यात टीव्ही. येशू स्वतः मात्र पहाटे उठून घराबाहेर एकांती जात असे (मार्क १:३५), हे पाहिल्यावर त्यांनी इमारतीच्या गच्चीवर जायला सुरुवात केली. पावसाळ्यात जिन्याच्या वरच्या पायरीवर.

रविवारच्या उपासनेचे दुःख राहिले होते. दिवसांविषयी एकमेकांना दोष न लावण्याचा रोमकरांस पत्रातील १४व्या अध्यायाचा सल्ला मी सांगितला. पण एकट्याने केलेली साधना मंडळीची जागा घेऊ शकत नाही, असेही माझे मत आहे. त्यांनी पाळकसाहेबांकडून प्रभुभोजनाच्या रविवारांची यादी आधीच मागून घेतली आणि तेवढ्या रविवारी सहकारी परिचारिकेशी पाळी बदलून घेतात; गणपतीत त्या तिची पाळी सांभाळतात. रविवारी ड्युटी असली तर त्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी घरात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९) एक भजन म्हटले जाते. चाल सासूबाई धरतात.

काही महिन्यांनी त्यांनी विचारले, की आता पुन्हा संपूर्ण बायबल वाचायला घ्यावे का. बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीनहून अधिक वाचावे लागतात, आणि आठवड्याला सात घेतले तर सुमारे सव्वातीन वर्षे लागतात. त्यांनी सव्वातीन वर्षांचा हिशेब पसंत केला, आणि सुरुवात उत्पत्तीपासून न करता मार्कच्या शुभवर्तमानाच्या १६ अध्यायांपासून केली. अॅप पुन्हा घेतले आहे. त्यातली रोजची आठवण तेवढी बंद ठेवली आहे.